हौदावरचा पत्रा

"माझ्या घरात मासे आणायचे न्हायती," सारजाबाईंनी निक्षून सांगितलं.

गौरीशंकरच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीतल्या पाण्यात बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे फिरत होते. ते त्यानं तालुक्याहून मोटारसायकलच्या हँडलला लटकवून, खड्डे चुकवत आणले होते.

"आई, खायला न्हाय आणले. हौदात सोडायचेत. डासाच्या अळ्या खात्यात ते."

"म्हंजे अळ्या खाणार, त्याच पाण्यात घाण करणार, आन् त्या पाण्यानं म्या लिंगपूजा करू व्हय?"

"मग औषधाचे चार थेंब टाकतो. वास सुदिक येत न्हाय."

"औषधाचं पाणी देवाला न्हाय चालत."

"मग हौद रिकामा तरी कर. एक दिवस कोरडा ठेव. सगळ्या गावाला तेच सांगायलोय म्या."

"नळाला आठ दिसांनी पाणी येतंय आन् तू म्हणतोस ओतून टाक? गावाला काय सांगायचं ते सांग. तुला पगार हाय त्याचा. माझ्या हौदाला हात लावायचा न्हाय."

गौरीशंकर हरळवाडीचा आरोग्य सेवक होता. लोहारा तालुक्यातलं हे गाव त्याचं जन्मगावच. स्वतःच्या गावात बदली मिळावी म्हणून त्यानं बरेच हेलपाटे घातले होते, आणि मिळाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ज्या गावानं आपल्याला उघडं फिरताना पाहिलंय त्या गावानं आपल्याला 'साहेब' म्हणणं अवघड आहे. हात धुवा म्हटलं की म्हातारे म्हणत, "पहिलं तुझ्या बापाला शिकवायचं हुतास." बाप वारला होता. त्यामुळं वाद तिथंच संपायचा.

पण यंदा दिवस वेगळे होते. पोळा झाल्यापासून गावात तापाची साथ आली होती. घरटी एक माणूस अंग दुखतंय म्हणून अंथरुणावर पडलेला. त्यात शेजारच्या केशरबाईंची नात प्रीती डेंग्यूनं एवढी खचली की तिला लोहाऱ्याला सलाईनवर ठेवावं लागलं. पोरीच्या अंगावर लाल पुरळ उठलं आणि गाव घाबरलं. घाबरलेलं गाव ऐकतं, हे गौरीशंकरला पहिल्यांदाच दिसलं, आणि मनातल्या मनात त्याला थोडा आनंदही झाला. त्या आनंदाची त्याला पुढं फार लाज वाटायची होती, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

त्यानं समाजमंदिरासमोर बायकांची बैठक घेतली. आशाताई शिवकांतानं घरोघर फिरून सगळ्यांना गोळा केलं. गौरीशंकरनं काचेच्या बाटलीत जिवंत अळ्या आणल्या होत्या. ती बाटली उन्हात धरून त्यानं मनापासून समजावलं.

"ही बघा. पाण्याच्या वरच्या अंगाला शेपूट, आन् डोकं खाली, अशी तिरकी लटकतीया. ही स्वच्छ पाण्यात होती. गटारात न्हाय, आपल्याच हौदात, रांजणात, टाकीत. म्हणून आठवड्यातनं एक दिवस सगळं रिकामं करायचं, आतनं घासायचं, वाळवायचं."

बाटली या हातातून त्या हातात गेली. केशरबाईंनी ती सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवली. त्यांची नात कालच घरी आली होती.

"एवढुशा किड्यानं माझ्या लेकराची ही दशा केली?" त्या म्हणाल्या. "बाबा, तू सांग कवा ओतायचं. सगळ्यात आधी म्या ओतते."

आणि केशरबाई ओतणार म्हटल्यावर बाकीच्या बायकांना मागं राहता येईना. गौरीशंकरला अगदी भरून आलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या सांगण्यावरून कुणी साधा तांब्याही उपडा घातला नव्हता.

दिवस त्यानं विचार करून ठरवला. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या गल्लीला पाण्याची पाळी होती. सकाळी भांडी रिकामी करायची, दिवसभर वाळवायची, संध्याकाळी ताजं पाणी भरून घ्यायचं. गावाला पाणी सोडणाऱ्या धोंडप्पाला त्यानं दोनदा विचारून घेतलं.

"शुक्रवारी नक्की सोडणार न्हवं?"

"आकाश फाटलं तरी सोडतो," धोंडप्पा म्हणाला. तो तसा शब्दाचा पक्का माणूस होता.

राहिला प्रश्न घरच्या हौदाचा. मासे नाहीत, औषध नाही, रिकामा करणं तर नाहीच. गुरुवारी रात्री गौरीशंकरनं मधला मार्ग काढला. हौदावर पत्रा टाकला, पत्र्यावर दोन पोती, पोत्यांवर जुनी सायकल आडवी. झाकलेलं पाणी चालतं, असं सरकारी पुस्तकातच लिहिलंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुस्तकात 'घट्ट झाकलेलं' असं होतं आणि पत्रा एका कोपऱ्यात वाकलेला होता, हा तपशील त्यानं समजावताना गाळला.

शुक्रवारी सकाळी शिवकांता पाहणीला आली. "साहेब, तुमच्याकडचं बघायचं का?"

"आमचं झालं," गौरीशंकर म्हणाला. एवढंच म्हणाला. शिवकांतानं विश्वासानं दारावर खडूनं बरोबरची खूण केली आणि ती पुढच्या घरी गेली.

त्यानंतर गल्लीत जे झालं ते हरळवाडीनं कधी पाहिलं नव्हतं. केशरबाईंनी आपलं पिंप लवंडलं आणि मग दोन्ही बाजूंनी पाणीच पाणी झालं. हौद, टाक्या, रांजण, बॅरल, पोरांच्या आंघोळीच्या बादल्या, कोंबड्यांची परळं, सगळं उपडं. बायका हौदात उतरून नारळाच्या शेंड्यांनी घासत होत्या. गौरीशंकर मोबाईलवर फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकत होता, आणि वरच्या साहेबांचे अंगठे येत होते.

पाण्याला मात्र कुठं जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. ते आपलं उताराला लागलं. गल्लीच्या खालच्या टोकाला सगळ्यात खोल जागा कुठली, तर नळाचं पाणी सोडायच्या व्हॉल्व्हचा, गावच्या भाषेत वॉलचा, खड्डा. संपूर्ण गल्लीचं पाणी, राख, शेवाळ आणि साबणाचा फेस घेऊन त्या खड्ड्यात जाऊन बसलं.

संध्याकाळी धोंडप्पा चावी घेऊन आला आणि खड्ड्याकडं बघत उभा राहिला.

"ह्यात वॉल कुठं हाय?"

"तळाला असंल की," गौरीशंकर म्हणाला.

"ते मलाबी कळतंय."

धोंडप्पानं धोतर खोचलं, छातीइतक्या गढूळ पाण्यात उतरला आणि अंदाजानं चावी लावून जोर केला. आतून कट्ट असा आवाज आला.

"दांडी मोडली," धोंडप्पा म्हणाला. "आता नवा वॉल आणल्याबिगर ह्या गल्लीला पाणी न्हाय. उमरग्याला मिळतोय का बघावा लागंल. न्हायतर सोलापूर."

"आन् आज?"

"आज तर कोरडा दिवसच हाय न्हवं?" धोंडप्पानं चेष्टा केली नव्हती. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

दिवेलागणीला गल्ली दारात येऊन बसली. प्रत्येक दारात घासून लख्ख केलेली, चकचकीत, कोरडी भांडी. कुणी गौरीशंकरला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बायका नुसत्या त्याच्याकडं बघत होत्या, पुढं काय करायचं ते आता हा सांगेल अशा नजरेनं. टँकरसाठी त्यानं तीन ठिकाणी फोन केले. पावसाळ्यात टँकर कशाला, असं तिन्ही ठिकाणी विचारलं गेलं.

तेवढ्यात केशरबाई आल्या. हातात कळशी होती.

"बाबा, प्रीतीला डॉक्टरनं सांगितलंय, सारखं पाणी पाज म्हणून. घरात घोटभर न्हाय. कुठं मिळंल?"

गौरीशंकरची मान खाली गेली. पलीकडं पत्र्याखाली काठोकाठ पाणी होतं आणि पोरगी तहानलेली होती. खरं सांगितलं तर सगळी गल्ली विचारणार, आमाला ओतायला लावून तू भरून ठेवलंस व्हय. न सांगावं तर पोरगी. त्यानं काही ठरवायच्या आधीच त्याच्या तोंडातून निघून गेलं, "द्या कळशी. आमच्या शेतातल्या बोअरचं आणून देतो."

त्यानं मोटारसायकल काढली, गल्लीच्या बाहेरून वळसा घातला, मागच्या दारानं आपल्याच परसात शिरला, चोरासारखा पत्रा सरकवला आणि अंधारात कळशी बुडवली. मग तेवढाच वळसा उलटा घालून पुढून आला.

"वर फडकं बांधून गाळा आन् उकळून द्या," कळशी देताना तो म्हणाला. एवढी तरी आपली नोकरी शिल्लक असावी असं त्याला वाटलं.

केशरबाईंनी आशीर्वाद दिला. तो त्याला फार लागला.

पण गल्लीत पाण्याची बातमी पाण्यापेक्षा लवकर पोचते. पाच-दहा मिनिटांत गल्लीतलाच बलभीम आपला ट्रॅक्टर घेऊन दारात हजर. ट्रॉलीत गल्लीतली निम्मी बॅरलं चढवलेली.

"चल गौरीशंकर, तुझ्या बोअरवर. सगळ्या गल्लीचं काम झालं बघ. मानलं तुला."

"आता... आता लाईट न्हाय शेतात."

"असू दे. माझ्याकडं जनरेटर हाय."

"मोटर जरा खराब हाय."

"मग कळशी कशी भरलीस?"

"बादलीनं," गौरीशंकर म्हणाला.

बोअरमधून बादलीनं पाणी काढणारा माणूस बलभीमनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि तो खाली उतरला. भोवती माणसं जमली. गौरीशंकरला उकडायला लागलं. आता काय सांगावं याचा तो विचार करत होता, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत केशरबाई आल्या. त्यांच्या हातात स्टीलची नाही, काचेची गिलास होती.

"बाबा, तुझ्या बोअरच्या पाण्यात ह्ये काय वळवळायलंय?"

कुणीतरी मोबाईलचा उजेड पाडला. गिलास या हातातून त्या हातात जायला लागली.

"शेपूट वर हाय," एक बाई म्हणाली.

"आन् डोकं खाली," दुसरी म्हणाली.

"तिरकी लटकतीया. म्हंजे डेंगूवालीच की."

"स्वच्छ पाण्यातली," तिसरीनं खुलासा केला. "हौदातली."

गौरीशंकरनं शिकवलेलं एकूणएक वाक्य बायकांच्या ध्यानात राहिलं होतं. आजवर गावातल्या कुठल्याच मोहिमेला एवढं यश आलं नव्हतं. जमीन दुभंगली असती तर तो आनंदानं आत गेला असता.

"पण बोअरात अळ्या कशा?" शिवकांतानं विचारलं. तिला खरंच कळेना. "साहेब, बोअरात होत न्हायती म्हणला हुतात."

आता सारजाबाई ओट्यावर आल्या. "बोअर कुठलं आलंय? ते तर दोन सालामागं आटलंय. माझ्या हौदातलं नेलंय त्यानं, म्या बघितलं की मागच्या दारानं शिरताना." मग गर्दीकडं, चकचकीत कोरड्या भांड्यांकडं त्यांनी नजर टाकली आणि गडबडीनं म्हणाल्या, "आगं, मग अशा तहानलेल्या का बसलाव? या की समद्या. हाय त्यात भागवू."

सायकल बाजूला झाली, पोती गेली, पत्रा निघाला. शिवकांतानं हौदावर उजेड पाडला आणि लगेच बंद केला. दारावरची तिचीच खूण ती पदराच्या टोकानं पुसून आली.

बायकांनी हौदाला रांग लावली. घागरीवर लुगड्याचं दुहेरी फडकं, फडक्यात अळ्या, खाली पाणी. ज्याची त्याची घागर भरेपर्यंत हौदाचा तळ लागला. बलभीम जाता जाता एवढंच म्हणाला, "आधीच सांगितलं असतंस तर बॅरलं चढवायचं तरी वाचलं असतं."

नवा वॉल रविवारी बसला. पुढच्या शुक्रवारी गौरीशंकर उठायच्या आत सहा बायका त्याच्या परसात उभ्या होत्या. त्याचा हौद कोरडा झालेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गल्लीत कुणी तांब्यासुद्धा लवंडायचा नाही, असं ठरलं होतं. पाणी कुठं सोडायचं तेही त्यांनीच ठरवलं. सारजाबाई निमूटपणे हौदात उतरून घासत होत्या. त्या एवढ्या मुकाट का झाल्या याचा गौरीशंकरनं विचार केला नाही. तो स्वतःचं तोंड कुठं लपवावं या विचारात होता. दर शुक्रवारी हाच प्रकार सुरू राहिला आणि महिनाभरात हरळवाडीत तापाचा नवा माणूस सापडेनासा झाला.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. तालुक्याच्या साहेबांनी प्रशिक्षण लावलं आणि हरळवाडीनं हे कसं साधलं ते सांगायला गौरीशंकरला सगळ्यांसमोर उभं केलं. हॉलमध्ये आजूबाजूच्या तालुक्यांतले सेवक, सेविका, आशाताई. गौरीशंकरनं आदल्या दिवशी खूप विचार केला होता. खरं ते सांगायचं, एकदाचं मोकळं व्हायचं.

त्यानं सांगितलं. आई कशी मासे नको म्हणाली, पत्रा कसा टाकला, दांडी कशी मोडली, बादलीनं बोअर कसं उपसलं. हॉल खदाखदा हसायला लागला. गौरीशंकर लाजेनं लाल झाला आणि त्यामुळं लोक आणखी हसले. आईची नक्कल तर त्याला नको असताना फारच चांगली जमली.

साहेबांनी डोळे पुसत माईक घेतला. "याला म्हणतात जनजागृती. स्वतःला नायक न करता स्वतःलाच चोर करून गोष्ट रचलीय यांनी. उद्यापासून प्रत्येकानं आपापल्या गावात ही गोष्ट सांगायची."

"साहेब, रचलेली न्हाय," गौरीशंकर म्हणाला.

"बघा, अजून पात्रातनं बाहेर येत नाहीत," साहेब म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत सोनारीकडची एक आशाताई उठली. ती हसत नव्हती. "सर, एक विचारू का? त्या हौदाच्या शेजारी कुणाला डेंगू झाला हुता का?"

गौरीशंकरच्या डोळ्यांपुढं लाल पुरळ उठलेले दोन बारीक हात आले. त्याचा हौद आणि केशरबाईंची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. हा हिशोब त्याला गिलास पाहिल्या क्षणापासून कळत होता, आणि तेव्हापासून त्यानं केशरबाईंच्या दारावरून जाणं टाळलं होतं.

"न्हाय," तो म्हणाला.

साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली. चहा गौरीशंकरला गेला नाही. येताना सबंध रस्ताभर त्याला स्वतःची शिसारी येत राहिली. हौदाची गोष्ट सांगून लोकांना हसवता आलं, तिथवर त्याचा खरेपणा टिकला होता. पुढं तो पुन्हा पत्र्याखाली गेला होता.

घरी न जाता तो थेट केशरबाईंच्या दारात उभा राहिला. प्रीती उंबऱ्यावर बसून वहीत काहीतरी रंगवत होती. केशरबाई शेंगा फोडत होत्या.

"काकू," तो म्हणाला. "काकू, प्रीतीला जो डास चावला... त्यो आमच्याच हौदातला असणार. मला कवाच कळलं हुतं. म्या आलो न्हाय. माझी चूक झाली."

केशरबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"बस," त्या म्हणाल्या. "हौद उघडा पडला त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळीच तुझी आई आली हुती. पदर पसरून रडली माझ्याम्होरं. म्हणली, केशर, तुझ्या नातीला माझ्या हौदानं पाडलं. जन्मात पहिल्यांदा रडताना बघितली तिला. हौद आता दर आठवड्याला म्या सोता घासते म्हणली."

गौरीशंकरला हॉलमधलं हसू ऐकू यायला लागलं. त्यातली आईची नक्कल ऐकू यायला लागली.

"मला बोलली न्हाय ती," तो कसंबसं म्हणाला.

"म्याच म्हणलं, सांगू का गौरीशंकरला? तर म्हणली, नगं. त्यो शिकलेला हाय, त्याला कळलंच असंल. त्याचा त्यो येऊन सांगंल." केशरबाईंनी दुसरी शेंग घेतली. "लई दिस लावलास, बाबा. आमी दोघी वाट बघून दमलाव."

भिंतीपलीकडून सारजाबाईंचा आवाज आला. "केशर, गाडीचा आवाज आला मला. गौरीशंकर तिकडं आलाय का गं?"

"आलाय."

सारजाबाईंचा आवाज भिंतीच्या आणखी जवळ आला.

"सांगितलं का त्यानं?"

"व्हय, सांगितलं."

"मग धाड त्याला जेवायला. भाकरी गार व्हायलीया."

गौरीशंकर उठला. दोन्ही घरांमध्ये फक्त एक भिंत होती, पण तिला वळसा घालून आपल्या दारापर्यंत पोचायला त्या दिवशी त्याला बराच वेळ लागला.